गाव नकाशावरून गेलं तेव्हा माणसं तात्पुरत्या घरांत होती: यामाकोशीचं प्रकरण

१ एप्रिल २००५ रोजी जपानच्या निइगाता प्रांतातलं यामाकोशी हे गाव नागाओका शहरात विलीन झालं. त्या दिवशी गावात राहतं माणूस कुणीच नव्हतं. सुमारे २,२०० गावकरी पाच महिन्यांपासून गावाबाहेर होते, आणि आता नागाओकाच्या हद्दीत, भूकंपग्रस्तांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या घरांत राहत होते. ज्या शहरात त्यांनी आसरा घेतला होता, तेच शहर आता त्यांची नगरपालिका झालं.

त्याच दिवशी मियागी प्रांतातलं ओगात्सु हे समुद्रकाठचं छोटं नगर इशिनोमाकी शहरात विलीन झालं. यामाकोशीवर भूकंपाचं संकट विलीनीकरणाच्या पाच महिने आधी कोसळलं, ओगात्सुवर त्सुनामीचं, विलीनीकरणानंतर सहा वर्षांनी. माझ्या मते सगळा फरक या क्रमात आहे. छोट्या गावाचं मोठ्या शहरात विलीनीकरण झालं की पहिल्यांदा शाळा जाते, दवाखाना जातो असं आपण धरून चालतो. यामाकोशीचे कागद वाचताना लक्षात येतं ते वेगळंच. पहिल्यांदा जातो तो गावाच्या वतीनं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस. एरवी त्याची उणीव भासत नाही. संकट आलं की भासते.

लाट

मार्च १९९९ मध्ये जपानमध्ये ३,२३२ स्थानिक स्वराज्य संस्था होत्या. विलीनीकरणं होत होत मार्च २०१० मध्ये त्या १,७२७ उरल्या. त्यातली खेडी ५६८ वरून १८४ वर आली. जपानला हे नवं नव्हतं. मेइजी काळात, १८८८-८९ मध्ये, सत्तर हजारांहून अधिक गावांची सोळा हजारांच्या आत नगरं-खेडी झाली. १९५० च्या दशकात पुन्हा तसंच झालं. यामाकोशी स्वतः त्या दुसऱ्या लाटेतलं अपत्य: १९५६ मध्ये चार खेडी एकत्र करून ते बनलं होतं.

तिसऱ्या लाटेत सक्ती नव्हती, पण आमिष आणि टंचाई दोन्ही होती. विलीन झालेल्या शहराला खास कर्जरोखे काढता येत. प्रकल्पाच्या खर्चातले ९५ टक्के कर्जातून भागत आणि त्या कर्जाच्या परतफेडीतले ७० टक्के केंद्र सरकार आपल्या अनुदानातून सोसत असे. म्हणजे शंभर येनच्या कामात शहराच्या पदरचे साधारण तेहतीस-चौतीस जात. दुसरीकडे २००४ च्या अर्थसंकल्पात गावांना मिळणाऱ्या केंद्रीय अनुदानाला मोठी कात्री लागली. सवलतींची मुदत होती मार्च २००५. स्वतःचं करउत्पन्न नाममात्र असलेल्या डोंगरी गावानं काय ठरवावं, हे जवळजवळ ठरूनच गेलेलं होतं. फुकुशिमा प्रांतातल्या यामात्सुरीसारखी काही नगरं २००१ मध्येच ‘आम्ही कुणात विलीन होणार नाही’ असा जाहीर ठराव करून ठाम राहिली, पण ती थोडी. यामाकोशीनं होकार दिला, तोही भूकंपाच्या आधी.

गाव कसं होतं

यामाकोशी म्हणजे चौदा वाड्या, उताराउतारावर पायऱ्यांची भातशेती, आणि जोराच्या हिवाळ्यात तीन मीटरच्या वर साचणारं बर्फ. नागाओका तसं दूर नाही, पण रस्ता वळणावळणाचा, आणि डोंगर भुसभुशीत, दरडी कोसळणारा.

या बर्फाळ वाड्यांत हिवाळ्यासाठी खाण्याचे मासे लागत, म्हणून शेताला पाणी देणाऱ्या तळ्यांत काळे कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात अधूनमधून लाल-पांढरी पिल्लं निघू लागली. शेतकऱ्यांनी ती वेगळी काढून जोपासली. आज जगभरच्या बागांतल्या तळ्यांत दिसणारे रंगीत निशिकीगोई मासे या डोंगरातून आले. १९१४ मध्ये तोक्योच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग देशाला त्यांची ओळख झाली.

दुसरा जीव म्हणजे बैल. त्सुनोत्सुकी ही इथली बैलांची झुंज १९७८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा महत्त्वाचा लोकसांस्कृतिक वारसा म्हणून घोषित झाली. तिची रीत सांगण्याजोगी आहे. सुमारे एक टन वजनाचे दोन बैल शिंगाला शिंग भिडवतात. भोवती सेको म्हणवणारे गडी ओरडून त्यांना चेतवत असतात. एक बैल हटू लागणार असं दिसलं की हे गडी धावतात, मागच्या पायाला दोर टाकून ताणतात, एकजण अंगावर झेप घेऊन नाकपुड्या धरतो आणि झुंज तिथेच सोडवली जाते. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. हरलेला बैल पुन्हा लढायला बिचकतो, आणि बैल तर घरचा, घरातल्या माणसासारखा वाढवलेला. कितीतरी पिढ्या आखाड्यात बायकांना प्रवेश नव्हता. २०१८ मध्ये तो नियम गावानं स्वतः उठवला.

तिसरी गोष्ट बोगद्याची. कोमात्सुकुरा वाडीच्या लोकांना बर्फात दवाखाना गाठायचा तर नाकायामा खिंड ओलांडावी लागे. आजारी माणूस पाठीवर घेऊन जाताना वाटेतच दगावत असे. १९३३ मध्ये वाडीनं स्वतः कुदळ-फावड्यानं डोंगर पोखरायला घेतला. युद्धकाळात काम थांबलं, नंतर पुन्हा सुरू झालं, आणि १९४९ मध्ये बोगदा आरपार गेला. लांबी नऊशे मीटरच्या आसपास. हातानं खोदलेला जपानमधला सगळ्यांत लांब बोगदा म्हणून तो ओळखला जातो. १९९८ मध्ये शेजारी नवा बोगदा होईपर्यंत याच जुन्या बोगद्यातून वाहतूक चालायची. गावाचं मन समजून घ्यायचं असेल तर मी आधी या बोगद्याबद्दल वाचायला सांगेन. वरून कुणी मदत करेल म्हणून वाट बघत बसणं या लोकांना ठाऊक नव्हतं.

२३ ऑक्टोबर २००४

शनिवार होता. संध्याकाळी ५ वाजून ५६ मिनिटांनी ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यामागून मोठे धक्के येतच राहिले. चुएत्सु भूकंप म्हणून तो ओळखला जातो. एकूण ६८ माणसं गेली. यामाकोशीत डोंगर सरकले, तळी फुटली, भातखाचरं दरीत गेली. बाहेर जाणारे सगळे रस्ते तुटले, फोन बंद. रात्रभर वाड्या एकमेकींपासून तोडलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गावप्रमुख तादायोशी नागाशिमा यांनी संपूर्ण गाव रिकामं करायचं ठरवलं. दोन दिवसांत हेलिकॉप्टरांनी माणसं नागाओकात आणली. बैल आणि मासे मागे राहिले. पुढच्या आठवड्यांत बैलांनाही हेलिकॉप्टरला टांगून खाली आणलं गेलं. पाऊस आणि थंडी यांत बंद गोठ्यात अडकलेल्या जनावरांसाठी मालकांनी जो धोशा लावला होता, त्याशिवाय हे झालं नसतं.

आता या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय. हेलिकॉप्टर ज्या क्रमानं उतरली त्या क्रमानं लोक शाळांच्या आणि सभागृहांच्या निवाऱ्यांत भरले गेले होते. एका वाडीची माणसं चार ठिकाणी विखुरली. नागाशिमांनी काही दिवसांतच सगळ्यांना पुन्हा हलवायला लावलं: एका वाडीची माणसं एका निवाऱ्यात. दमलेल्या, थंडीनं गारठलेल्या म्हाताऱ्या माणसांना परत गोधड्या उचलायला सांगणं सोपं नव्हतं. वर्षाअखेरीस नागाओकाच्या न्यू टाउन भागात तात्पुरती घरं तयार झाली, तिथेही हीच पद्धत ठेवली. वाडीवार रांगा, शेजारी तोच जुना शेजारी. वस्तीत दवाखाना आला, बैठकीची घरं आली, जवळच थोडी जमीन शेतीसाठी मिळाली. सकाळी उठून हाताला काम नसलेला शेतकरी किती लवकर खचतो, हे ज्यांनी ओळखलं त्यांचं मला फार मोल वाटतं.

हा निर्णय नागाओका शहराचा नव्हता. तो यामाकोशीच्या निवडून आलेल्या प्रमुखाचा होता, आणि त्याला पाच महिन्यांचीच सत्ता उरलेली होती. तीच घटना सहा महिन्यांनी घडली असती तर निवाऱ्यांची यादी शहराच्या आपत्ती कक्षात बसलेल्या कुणीतरी केली असती. तो माणूस चांगलाही असता. पण कोणतं घर कोणत्या वाडीचं, हे त्याला कुठून कळणार?

उरलेले पाच महिने

३१ मार्चला गाव कायद्यानं संपणार हे सर्वांना माहीत होतं. त्याआधी, मार्च २००५ मध्येच, गावानं पुनर्वसनाचा आराखडा तयार करून ठेवला. त्याचं नावच ‘परत जाऊ या यामाकोशीला’ असं होतं. मरणासन्न गावाची शेवटची इच्छा म्हणून शहरानं तो फाइलीत लावून टाकला असता तरी चाललं असतं. तसं झालं नाही, आणि याचं श्रेय नागाओकालाही द्यायला हवं. शहरानं आराखडा आपला मानला. विलीनीकरणानंतर नागाशिमांनाच यामाकोशीच्या पुनर्वसनाची जबाबदारी असलेलं पद दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते संसदेवर निवडून गेले. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं.

हिशेबाच्या वहीत पाहिलं तर दुसरा रस्ता स्वस्त होता. न्यू टाउनमध्ये जागा होती. तिथेच लोकांना कायमची घरं दिली असती तर डोंगरातले रस्ते, पूल, पाण्याच्या वाहिन्या पुन्हा बांधायची गरज नव्हती. जपानमध्ये तेव्हा हा प्रश्न उघड विचारला जात होता: मूठभर म्हाताऱ्यांसाठी एवढा खर्च कशाला? माझं उत्तर असं की खर्च किती करायचा यावर वाद होऊ शकतो, पण तो वाद ज्यांच्या घराबद्दल आहे त्यांच्या अनुपस्थितीत होऊ नये. यामाकोशीचे लोक त्या वादात एकत्र हजर होते.

स्थलांतराचा आदेश टप्प्याटप्प्यानं उठला. २००५ च्या उन्हाळ्यात आठ वाड्या मोकळ्या झाल्या. सर्वाधिक नुकसान झालेल्या सहा वाड्यांना एप्रिल २००७ पर्यंत थांबावं लागलं. डिसेंबर २००७ मध्ये शेवटची कुटुंबं तात्पुरत्या घरांतून निघाली. सुमारे सत्तर टक्के लोक परतले.

कोगोमो वाडीकडे जरा थांबून पाहू. भूकंपात दरड कोसळून खालच्या बाजूला इमो नदी तुंबली आणि तिचं पाणी वाडीत चढत गेलं. घरं बुडाली, मग गाळात रुतली. वाडीनं वरच्या उतारावर नव्यानं घरं बांधली, लाकडी, बर्फ सोसणारी, परिसराला शोभणारी. खालची काही घरं मुद्दाम तशीच ठेवली, छपरापर्यंत गाळात गेलेली. घरं थोडी उरली म्हणून वाडीनं बाहेरच्या लोकांनाही सभासद करून घेणारी एक मंडळी काढली आणि सातोमिआन नावाचं छोटं दुकान उघडलं. तिथे भाजी विकायला ठेवतात आणि भूकंपाचे फोटोही पाहायला मिळतात. वाडीचा रहिवासी कोण, याची व्याख्या त्यांनी स्वतःच रुंद केली. पुढे अख्ख्या यामाकोशीनं जे केलं त्याचं बीज मला इथे दिसतं.

पैसा कोणाच्या हातात

विलीनीकरणानंतर गावाकडे स्वतःचा अर्थसंकल्प नव्हता. तरीही काही कामं गावाच्या मनासारखी झाली, कारण पैशाची एक वाट शहराच्या बाहेरून आली. मार्च २००५ मध्ये निइगाता प्रांतानं चुएत्सु भूकंप पुनर्वसन निधी उभारला. मूळ रक्कम ३०,००० कोटी येन. ती खर्चायची नाही, दहा वर्षांत तिच्यावर मिळणारं सुमारे ६,००० कोटी येनचं व्याज वापरायचं. निधी प्रतिष्ठानाच्या हाती असल्यानं सरकारी खात्यांचे नियम त्याला जसेच्या तसे लागू नव्हते.

याचा उपयोग कुठे झाला ते बघा. वाड्यांची देवळं कोसळली होती. जपानच्या राज्यघटनेनुसार सरकारी पैसा धर्मस्थळांना देता येत नाही. पण डोंगरातल्या वाडीचं देऊळ म्हणजे वर्षाच्या जत्रेची, बैठकीची, भांडण मिटवायची जागा. निधीनं देवळाकडे वाडीनं एकत्र येण्याची जागा म्हणून पाहिलं आणि बांधणीच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला. देऊळ उभं राहिलं की जत्रा आली, जत्रेला शहरात गेलेली मुलं आली. घरं बांधायला कितीही पैसे दिले असते तरी हे साधलं नसतं.

याच निधीतून २००७ पासून पुनर्वसन सहायक नेमले गेले. हे अभियंते नव्हते, कारकूनही नव्हते. वाडीवाडीत फिरायचं, चहा प्यायचा, कुणाला काय करायचंय ते ऐकायचं आणि त्याला वाट काढून द्यायची, असं त्यांचं काम. २०११ च्या त्सुनामीनंतर केंद्र सरकारनं ईशान्य जपानमध्ये असेच सहायक नेमले, ते इथल्याच अनुभवावरून. विलीनीकरणानं गावाचं कार्यालय शहराची शाखा होतं आणि शाखेतल्या माणसाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होऊ शकते. सहायकांनी ती पोकळी बऱ्याच अंशी भरून काढली.

ओगात्सु

ओगात्सु हे दगडाचं गाव. इथल्या काळ्या पाटीच्या दगडातून शाई घोटायच्या दौती बनत. तोक्यो स्टेशनच्या छपरावरही हा दगड आहे. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीनं खाडीच्या टोकाला असलेला मुख्य भाग धुऊन नेला. समाजमंदिराच्या छपरावर चढून बसलेल्या बसचा फोटो अनेकांनी पाहिला असेल, तो इथलाच. शहराचं शाखा कार्यालयही पाण्यात गेलं.

साधारण ४,३०० वस्तीच्या या गावाला त्या दिवशी स्वतःचा प्रमुख नव्हता. इशिनोमाकी शहर स्वतः देशातल्या सगळ्यांत जास्त मृत्यू झालेल्या शहरांपैकी एक होतं. त्याचं लक्ष आधी आपल्या दाट वस्तीकडे जाणं स्वाभाविक होतं, त्यात दोष कुणाला द्यायचा? लोक मिळेल तिथे, दूर आतल्या भागातल्या तात्पुरत्या घरांत पांगले. उंच जागेवर वसाहत आणि खाडीला ९.७ मीटरपर्यंत उंचीची भिंत, असा आराखडा झाला. जमीन तयार होईपर्यंत वर्षं गेली, तोवर कुटुंबांनी आत घरं घेतली, मुलांच्या शाळा तिकडे लागल्या. आज वस्ती आधीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडायला हवी. यामाकोशीची वस्तीही आज आठशेच्या खाली आहे. म्हणजे तीही भूकंपाआधीच्या जवळपास तिसरा हिस्सा. निव्वळ आकडे ठेवले तर दोन्ही गावं सारखीच ओस पडली, असं कुणीही म्हणेल. फरक वेगात आहे. ओगात्सुमधली माणसं दोन-चार वर्षांत गेली, बहुतेक जणांना परतायचा पर्याय समोर येण्याआधीच. यामाकोशीत परतलेले म्हातारे आपल्या घरात, आपल्या तळ्याकाठी आणखी पंधरा-वीस वर्षं जगले. वस्ती कमी झाली ती वयानं. या फरकाला मी मोठा मानतो. ज्यांना तो मोठा वाटत नाही, त्यांनी त्या म्हाताऱ्यांपैकी एखाद्याच्या जागी आपली आई ठेवून बघावी.

यामाकोशीच्या शेजारी ओजिया शहराचा हिगाशियामा भाग आहे. तेच बैल, तेच मासे, तोच भूकंप. फक्त हिगाशियामा खेडं १९५० च्या दशकातच ओजियात विलीन झालेलं होतं. तिथे प्रत्येक वाडीनं आणि घरानं आपापलं ठरवलं. काही वाड्या सामूहिक स्थलांतर योजनेखाली सपाटीला उतरल्या, जुनिदायरा ही वाडी तर पूर्ण रिकामी झाली. बैल मात्र तिथेही आजपर्यंत झुंजतात. ज्यांना उतरायचं होतं ते उतरले यात गैर काहीच नाही. पण डोंगर तोच असून दोन्हीकडची उत्तरं इतकी वेगळी यावीत, याचं कारण मला तरी प्रशासनाच्या रेषेतच दिसतं.

आजची व्यवस्था

कोशी हा जुना तालुकाही यामाकोशीबरोबरच संपला, कारण त्यात एवढं एकच गाव उरलं होतं. पत्त्यात मात्र नाव राहिलं: नागाओका शहर, यामाकोशी ताकेझावा, नागाओका शहर, यामाकोशी मुशिगामे. विलीनीकरणाच्या वाटाघाटीत ही मागणी क्षुल्लक वाटू शकते, पण पाकिटावर गावाचं नाव असणं आणि नसणं यात फरक आहे.

२००७ मध्ये लोकांनी यामाकोशी रहिवासी परिषद स्थापन केली. तिला कर लावता येत नाही, कायदा करता येत नाही. तिनं डिसेंबर २०२१ मध्ये निशिकीगोईच्या चित्रांचे एनएफटी, म्हणजे विकत घेता येणारी डिजिटल मालकीपत्रं, काढले आणि ते विकत घेणाऱ्याला डिजिटल गावकरी मानलं. काही महिन्यांतच डिजिटल गावकऱ्यांची संख्या खऱ्या रहिवाशांच्या पुढे गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये विक्रीच्या पैशातून कोणते उपक्रम करायचे यावर त्यांनी मतदान केलं. त्यातले काही पुढे प्रत्यक्ष गावात आले, बर्फ उपसायला, जत्रेला, नुसतं बघायला. आभासी नाण्यांच्या बाजाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण इथे मला कोगोमोच्या मंडळीचीच पुढची पायरी दिसते.

तरी या मतदानाची मर्यादा स्पष्ट आहे. हिवाळ्यात कोणत्या रस्त्यावर आधी बर्फ काढायचं यंत्र जाईल, शाळा किती मुलांवर चालू ठेवायची, दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येईल, हे नागाओकाच्या नगरसभेत ठरतं. तीन हप्त्यांत दहा नगरं-गावं पोटात घेतलेल्या त्या शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या वर आहे, आणि यामाकोशीची सगळी मतं एका बाजूला पडली तरी त्यांच्या जोरावर एक नगरसेवकही निवडून येणं कठीण. शहरानं विलीन झालेल्या भागांसाठी स्थानिक समित्या नेमल्या आहेत. त्या सल्ला देतात.